वॉल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ चा पावसाळा संपत आला होता. मुंबई बंदराजवळील मांडवी भागात धान्याची मोठमोठी कोठारे होती. त्या कोठारांतून उंदीर मरून पडू लागले आणि त्यांच्या पाठोपाठ माणसेही आजारी पडू लागली. प्रथम सणसणून ताप भरे, मग जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत धडधाकट माणूस दगावे. सप्टेंबर महिन्यात डॉ. अकासिओ व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा रोग प्लेग असल्याचे ओळखले. प्लेगचे नाव ऐकताच सारे शहर भयाने थरारून गेले.

बाजार ओस पडले, गिरण्यांचे भोंगे वाजत. पण कामावर माणसे येईनात. लाखो लोक आगगाडीने, गलबतांनी आणि पायी आपापल्या गावी निघून गेले. दुर्दैवाने त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव पोहोचला. पुढील काही वर्षांत महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी प्लेगचा तडाखा सोसला. उंदीर पडल्याची वार्ता येताच लोक भरली घरे सोडून शिवारात झोपड्या घालून राहत. प्लेगच्या जंतूंचा शोध दोनच वर्षांपूर्वी, इ. स. १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे लागला होता. परंतु ते जंतू माणसाच्या अंगात कसे शिरतात हे कोणासही ठाऊक नव्हते. रोगावर हमखास गुण देणारे औषध तर नव्हतेच.

अशा वेळी सरकारने कलकत्त्याहून एका शास्त्रज्ञास मुंबईस पाठविले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत दाखल झाले. त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते. ते भारतीय नव्हते आणि इंग्रजही नव्हते. वैद्यकाची पदवीही त्यांच्याजवळ नव्हती. या शास्त्रज्ञाचे नाव वॉल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या काळी रशियन साम्राज्यात मोडत असे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथे इल्या मेच्निकॉव्ह हे थोर शास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा महत्त्वाचा शोध पुढे मेच्निकॉव्ह यांनीच लावला. अशा गुरूच्या सहवासात हाफकिन यांना सूक्ष्म जीवांच्या अभ्यासाची गोडी लागली.

तो काळ रशियातील ज्यू लोकांना मोठा कठीण होता. इ. स. १८८१ मध्ये दंगेखोरांनी ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले केले. हाफकिन आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी पुढे सरसावले. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेच्निकॉव्ह यांनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली. शिक्षण पुरे झाल्यावर त्यांची हुशारी पाहून विद्यापीठात त्यांना मानाची जागा मिळण्यासारखी होती; पण त्यासाठी धर्म बदलण्याची अट होती. ती अट त्यांनी नाकारली. मानाच्या जागेवर पाणी सोडून ते इ. स. १८८८ मध्ये स्वित्झर्लंडला गेले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला पोहोचले.

पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची जगप्रसिद्ध संस्था होती. तेथे हाफकिन यांना मिळाले ते ग्रंथालयातील साधे काम. दिवसा पुस्तकांची व्यवस्था पाहावी आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पटकीच्या साथी त्या काळी देशोदेशी हजारो बळी घेत असत. या रोगाविरुद्ध लस शोधण्याचा हाफकिन यांनी ध्यास घेतला. आधी दुबळे केलेले जंतू टोचावयाचे आणि काही दिवसांनी तेज जंतू टोचावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. दुबळ्या जंतूंशी लढताना शरीर तयार होते आणि मग खऱ्या शत्रूस ते तोंड देऊ शकते.

प्राण्यांवर प्रयोग यशस्वी झाले. पण माणसास ही लस सोसेल काय, हा प्रश्न उरला. हाफकिन यांनी त्याचे उत्तर दुसऱ्याच्या जिवावर शोधले नाही. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांना ताप आला, अंग दुखले. पण थोड्याच काळात ते पूर्ववत झाले.

मग पटकीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या भारतात जाऊन आपल्या लशीची परीक्षा पाहावी, असे त्यांनी ठरविले. इ. स. १८९३ च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्यास आले. लोकांना प्रारंभी या अनोळखी माणसाचा आणि त्याच्या सुईचा संशय वाटणे साहजिक होते. चांगल्या धडधाकट माणसाने सुई टोचून ताप का ओढवून घ्यावा, असे कोणासही वाटणारच. हाफकिन यांनी लोकांवर राग धरला नाही. ते आणि त्यांचे भारतीय सहकारी डॉक्टर वस्त्यांतून हिंडत, लोकांना समजावून सांगत आणि आपण स्वतः लस घेतली आहे हे पटवून देत.

इ. स. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काठालबागान या वस्तीत पटकी सुरू झाली. तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर त्या वस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली आणि त्यांतील सात जण मरण पावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. अशा रीतीने एकेका वस्तीची नोंद ठेवीत हाफकिन यांनी सुमारे अडीच वर्षांत ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. या अविश्रांत भ्रमंतीत त्यांना हिवतापाने गाठले आणि उपचारांसाठी त्यांना काही काळ युरोपात परतावे लागले. प्रकृती पुरती सुधारण्यापूर्वीच ते पुन्हा भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेगने डोके वर काढले.

मुंबईस हाफकिन यांना ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात लहानशी जागा देण्यात आली. एक कारकून आणि तीन चपराशी एवढाच त्यांचा लवाजमा होता. सकाळपासून रात्रीपर्यंत ते या जागेत राबत. मांसाच्या पातळ अर्कात ते प्लेगचे जंतू वाढवीत आणि त्यावर तुपाचे काही थेंब सोडीत. तरंगणाऱ्या तुपाचा आधार घेऊन जंतूंचे बारीक धागे खाली लोंबत. बाटली हलविली की ते धागे तळाशी जात आणि वर नवे धागे धरू लागत. पाचसहा आठवड्यांनी बाटलीत जंतूंची भरपूर वाढ होई. मग बाटली तापवून ते सारे जंतू मारून टाकीत. अशा मेलेल्या जंतूंपासून केलेली लस शरीरात गेली, तर रोग होणार नाही. पण रोगाशी लढण्याचे बळ मात्र येईल, असा त्यांचा तर्क होता. घरोघरी असणाऱ्या तुपाने या महान शोधास असा हातभार लावला.

तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तीही प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पुढे लोकांना जेवढी मात्रा देण्यात येई, तिच्यापेक्षा ही मात्रा बरीच मोठी होती. त्यांना ताप चढला, टोचलेल्या जागी असह्य वेदना झाल्या. परंतु ते बरे झाले. त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयातील काही मंडळी स्वखुशीने लस घेण्यास पुढे आली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशे कैद्यांनी लस टोचून घेतली. त्याहून थोड्या अधिक कैद्यांनी ती घेतली नाही. टोचून घेतलेल्यांपैकी तीन जणांच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता. ते वाचू शकले नाहीत. पुढील दिवसांत मात्र लस न घेतलेल्या १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ दगावले. लस घेतलेल्या दोघांनाच प्लेग झाला आणि ते दोघेही बरे झाले. कैदी हा पराधीन माणूस असतो. म्हणून आज अशा प्रयोगांवर कडक निर्बंध आहेत. त्या काळी मात्र या अनुभवामुळे लशीचा गुण प्रथमच स्पष्टपणे दिसून आला.

इकडे शहरात आणि इतरत्र सरकारने निराळाच मार्ग धरला होता. इ. स. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता आली. पुण्यात गोरे सैनिक घराघरांत शिरून रोग्यांचा शोध घेऊ लागले. माणसांना आप्तांपासून तोडून इस्पितळात नेण्यात येई, सामान बाहेर फेकण्यात येई, देवघरे आणि माजघरे यांचाही मान राखला जात नसे. लोक इतके संतापले, की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडली. मुंबईतही त्यापूर्वीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती. सक्तीच्या भयाने लोक घरातील आजारी माणूस लपवून ठेवू लागले आणि त्यामुळे रोग अधिकच पसरला.

याच दिवसांत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोग्याला माणूस मानून त्याच्याजवळ जाणारे लोकही त्या काळात होते, हे या घटनेवरून दिसते.

पुढे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, की गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टराने इ. स. १८९८ मध्ये कराची येथे याचा पहिला पुरावा मिळविला. उंदीर मेला की भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात. म्हणजे घराघरांतून माणसे ओढून काढण्याने रोगाचे मूळ उपटले जाणार नव्हते. उंदीर पडताच घर सोडून शिवारात जाणाऱ्या गावकऱ्यांचे शहाणपण या शोधाने खरे ठरविले.

लस टोचण्याच्या बाबतीत मात्र सक्ती करू नये, असे धोरण ठरले होते. लोकांनी आपण होऊन पुढे यावे, यावर सारे काही अवलंबून होते. सुईविषयी नाना प्रकारच्या अफवा उठत. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान हाफकिन यांच्या मदतीस आले. त्यांनी आपल्या अनुयायांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली एक प्रशस्त वास्तू दिली. आपला धर्मगुरू सुखरूप आहे हे पाहून हजारो खोजा स्त्रीपुरुष लस घेण्यास आले.

हाफकिन यांना केवळ लोकांचा विश्वास पुरेसा वाटत नसे. तो विश्वास खरा ठरतो की नाही, हेही ते मोजून पाहत. बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी इ. स. १८९८ मध्ये त्यांनी एक परीक्षा घेतली. तेथे त्यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली. घर एक, अन्न एक, हवा एक. फरक काय तो लशीचा. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, त्या घरांत लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ मरण पावली. लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ आजारी पडली आणि ३ मरण पावली. लशीने प्रत्येक जीव वाचतो, असा खोटा दावा हाफकिन यांनी कधी केला नाही. किती वाचले आणि किती गेले, हे दोन्ही आकडे ते लोकांपुढे ठेवीत.

लशीची मागणी वाढत चालली. तेव्हा परळ येथील गव्हर्नरांचा जुना वाडा प्रयोगशाळेसाठी देण्यात आला आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी तेथे कार्यास आरंभ झाला. एका कारकुनावर आणि तीन चपराशांवर सुरू झालेल्या कामाचा आता मोठा पसारा झाला. येथून लशीच्या बाटल्या देशभर आणि देशाबाहेरही जाऊ लागल्या.

यशाच्या अशा शिखरावर असतानाच हाफकिन यांच्यावर मोठा आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. ही १९ माणसे एकाच बाटलीतील लस घेतलेली होती. त्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते, हे उघड होते. पण ते शिरले कोठे? परळच्या प्रयोगशाळेत, की मुलकोवालला बाटली उघडताना?

सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने प्रयोगशाळेला दोषी ठरविले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्यांनी दोन रोगांच्या लसी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतल्या, त्यांच्याच नावावर १९ मृत्यूंचा कलंक लागला. लोकांमध्येही लशीविषयी भय उत्पन्न झाले. अनेकांनी ती घेण्याचे टाळले आणि प्लेग तर थांबला नव्हताच.

हाफकिन यांनी हा आरोप मुकाट्याने मान्य केला नाही. चौकशीची सारी कागदपत्रे पुन्हा तपासावीत, असा त्यांनी आग्रह धरला. तपासात असे दिसून आले, की मुलकोवाल येथे बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते जंतू बाटलीत अनेक आठवडे वाढले असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. परंतु बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू घेतली. इ. स. १९०७ च्या जुलैत त्यांनी आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात एक पत्र प्रसिद्ध करून या अन्यायाकडे जगाचे लक्ष वेधले. अखेर त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

निर्दोषत्व सिद्ध होण्यास पाच वर्षे लागली होती. हाफकिन पुन्हा भारतात आले आणि कलकत्त्यास काम करू लागले. पण परळची प्रयोगशाळा त्यांच्याकडे परत आली नाही. पूर्वीसारखे मोठे कार्य करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास सेवानिवृत्त होऊन ते युरोपात परतले. ते अविवाहित होते. उतारवयात त्यांनी आपले धन आपल्या समाजातील शिक्षणसंस्थांसाठी देऊन टाकले. इ. स. १९३० च्या ऑक्टोबर महिन्यात स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरी त्यांचे निधन झाले.

मुंबई त्यांना विसरली नाही. इ. स. १९२५ मध्ये, त्यांच्या हयातीतच, परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. इ. स. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. आज प्लेगवर गुणकारी औषधे उपलब्ध आहेत आणि हाफकिन यांची ती लस आता सर्रास वापरली जात नाही. परंतु परळची हाफकिन संस्था आजही रोगांच्या संशोधनाचे कार्य करीत आहे.

साथी अद्यापि संपलेल्या नाहीत. इ. स. १८९७ चा साथीच्या रोगांचा तो कायदा इ. स. २०२० मध्ये करोनाच्या साथीत पुन्हा वापरावा लागला आणि लोकांनी लस घ्यावी यासाठी पुन्हा गावोगाव समजूत घालावी लागली. औषध कितीही गुणकारी असले, तरी ते घेणाऱ्याच्या मनात विश्वास नसेल तर ते बाटलीतच राहते. तो विश्वास हुकमाने मिळत नाही. स्वतः आधी धोका पत्करावा, खरे आकडे लोकांपुढे मांडावेत आणि लोकांच्या भीतीचा उपहास न करता ती दूर करावी, हाच त्याचा मार्ग आहे. परक्या देशातून आलेल्या हाफकिन यांनी तो मार्ग मुंबईतील आपल्या लहानशा प्रयोगशाळेतून दाखवून दिला.